गैरसोयीचं पान : राजांची चरित्रं कशी वाचावीत



मराठ्यांच्या इतिहासावरचं व्याख्यान संपलं, की श्रोत्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. "संभाजी महाराजांवरचं खरं पुस्तक कोणतं? एकच नाव सांगा." प्रश्न अगदी प्रामाणिक असतो. माणसाला नोकरी आहे, संसार आहे, दहा पुस्तकं वाचायला वेळ नाही. त्याला एक पुस्तक हवं असतं, ज्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल. आज मी नाव सांगणार आहे, एकच नव्हे तर तीन-चार सांगणार आहे. पण डोळे मिटून विश्वास ठेवावा असं त्यातलं एकही नाही. राजाचं चरित्र डोळे उघडे ठेवून कसं वाचायचं, हा आजचा विषय. आणि त्यासाठी संभाजी महाराजांइतकं चांगलं उदाहरण मराठीत दुसरं नाही. कारण एकाच माणसाला आपण जवळजवळ दीडशे वर्षं व्यसनी आणि नालायक म्हटलं, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्याच माणसाला निर्दोष म्हणायला लागलो. माणूस तर तोच होता. मग बदललं काय?

आधी वादात नसलेल्या गोष्टी सांगतो. १६५७ मध्ये पुरंदरावर जन्म. दोन वर्षांचे असताना आई, सईबाई, गेल्या. ३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज रायगडावर वारले, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. रायगडावर सोयराबाई आणि काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. पण सरसेनापती हंबीरराव मोहिते, म्हणजे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि तो डाव तिथंच संपला. १६८१ च्या जानेवारीत राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी औरंगजेब दक्षिणेत उतरला. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला महाराज पकडले गेले आणि मार्चमध्ये भीमा-इंद्रायणीच्या परिसरात त्यांना हाल करून ठार मारलं गेलं. वय अवघं एकतीस.

हा सांगाडा. यावर मांस चढवलं ते लिहिणाऱ्यांनी. ते कोण, कधी लिहीत होते आणि कुणासाठी लिहीत होते, हे आता बघू.

पहिले कृष्णाजी अनंत सभासद. सभासद बखर ही खरं तर शिवाजी महाराजांची बखर. ती लिहिली गेली जिंजीला, १६९७ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. लेखक शिवकालातला माणूस, त्यामुळे या बखरीचं मोल मोठं आहे. पण शेवटाकडे एक प्रसंग येतो. शिवाजी महाराज मृत्युशय्येवर आहेत आणि पुढे काय होणार ते सांगतायत : औरंगजेब चालून येईल, विजापूर आणि गोवळकोंडा बुडवील, संभाजीच्या हातून राज्य जाईल, मग राजाराम आणि त्याच्याबरोबरची माणसं ते पुन्हा उभं करतील. वाचताना अंगावर काटा येतो. पण जरा थांबा आणि सनावळ्या लावा. विजापूर पडलं १६८६ मध्ये, गोवळकोंडा १६८७ मध्ये, संभाजी महाराज गेले १६८९ मध्ये. म्हणजे बखर लिहिली गेली तेव्हा हे सगळं घडून गेलेलं होतं. भविष्य म्हणून जे सांगितलंय ते लेखकाच्या दृष्टीने भूतकाळ होता. आणि ते सांगितलंय राजारामांच्या दरबारात, खुद्द राजारामांसाठी. याचा अर्थ सभासद खोटारडे होते असा नाही. मोठा माणूस जाताना पुढचं सांगून जातो, ही आपल्याकडच्या कथनाची जुनी रीत आहे. पण त्या प्रसंगावरून 'बापालाही मुलाची लायकी ठाऊक होती' असा निष्कर्ष काढला, तर तो चुकतो. तिथं बोलतोय तो १६९७ चा दरबार. १६८० चा बाप नव्हे.

दुसरे मल्हार रामराव चिटणीस. संभाजी महाराजांची जी बिघडलेली प्रतिमा आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होती, ती मुख्यतः यांच्या बखरीतून आली. बखर लिहिली गेली साताऱ्याला, १८१० च्या सुमारास. म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी. आणि एक गोष्ट विसरू नका. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणिसांच्या घराण्यातले. १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांच्यासोबत बाळाजी आवजींनाही देहदंड दिला गेला होता, आणि तो देणारे होते संभाजी महाराज. म्हणजे ज्या राजाने आपल्या पूर्वजाला मारलं, त्या राजाचं चरित्र हा वंशज लिहितोय.

इथं बरेच जण उठून टाळ्या वाजवतात. "झालं! सूड घेतला. बखर फेकून द्या." नाही मंडळी, इतकं सोपं नाही. बाळाजी आवजींचे चिरंजीव खंडो बल्लाळ पुढे संभाजी, राजाराम आणि शाहू अशा तीन छत्रपतींची निष्ठेने सेवा करतात. चिटणिशी घरात असल्यामुळे मल्हार रामरावांजवळ जुने कागदही होते. त्यामुळे लेखकाचा हितसंबंध कळला म्हणून पुस्तक रद्द होत नाही. पण त्या ठिकाणी पडताळणी दुप्पट करावी लागते, एवढं नक्की.

पडताळणी कशी करायची, त्याचा एक नमुना सांगतो. बखरीत अशी कथा आहे की संभाजी महाराज रायगडावर आले आणि त्यांनी सोयराबाईंना भिंतीत चिणून मारलं. महाराज रायगडावर आले १६८० च्या जूनमध्ये. आता दुसरे कागद बघा. त्याच वर्षी बाकरे घराण्याला दिलेलं संभाजी महाराजांचं संस्कृत दानपत्र आहे. त्यात सोयराबाईंबद्दल आदराचे शब्द आहेत. आणि त्यांचा मृत्यू झाला १६८१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे सव्वा वर्षानंतर. मग 'गडावर आल्या आल्या भिंतीत चिणलं' ही गोष्ट टिकत नाही. पण पुढचं वाक्यही नीट ऐका. मृत्यू ऑक्टोबर १६८१ मध्ये, म्हणजे मंत्र्यांना देहदंड झाल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत झाला. तो कसा झाला याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. म्हणजे बखरीतली कथा पडली, पण प्रश्न मिटला नाही. इतिहासात हे सारखं होतं. एक खोटं उत्तर पुसलं गेलं की तिथं आपोआप खरं उत्तर उमटत नाही.

आता एका पुस्तकाची शंभर पुस्तकं कशी होतात ते बघा. ग्रँट डफ हा साताऱ्याला असलेला इंग्रज अधिकारी. १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत आला. साताऱ्याचे कागद आणि बखरी त्याच्या हाताशी होत्या, त्यात चिटणिसांची बखरही होती. त्याच्यावरून शाळेची पुस्तकं झाली. शाळेच्या पुस्तकांवरून नाटकं झाली. राम गणेश गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं 'राजसंन्यास' याच प्रतिमेवर उभं आहे. १९४१ मध्ये 'थोरातांची कमळा' हा बोलपट आला आणि एक दंतकथा घराघरांत इतिहास म्हणून जाऊन बसली. वाचणाऱ्याला वाटतं, बखर म्हणते, इंग्रज म्हणतो, मास्तर म्हणतात, नाटक म्हणतं, म्हणजे खरंच असणार. पण साक्षीदार किती? घूमफिरून एकच! बाकीचे सगळे त्याचं ऐकून बोलणारे. कोर्टात असे शंभर साक्षीदार उभे केले तरी न्यायाधीश त्यांना एकच धरील. आपण मात्र शंभर मोजतो.

मग हे चक्र थांबलं कसं? एकदम नाही थांबलं. १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्धीला आणली. शकावली म्हणजे काय? कारीच्या जेधे देशमुखांकडची तारखांची यादी. अमुक शक, अमुक तिथी, अमुक घटना. ना अलंकार, ना संवाद. वाचायला कोरडी ठणठणीत. पण बखरीतल्या रंगीत गोष्टी तपासायला अशी कोरडी यादीच कामाला येते. मग गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरं उघडली. सेतुमाधवराव पगडींनी फार्सी साधनं मराठीत आणली. आणि वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घालून १९६० मध्ये 'छत्रपती संभाजी महाराज' हे चरित्र प्रसिद्ध केलं. त्यानंतर १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. सुरुवातीला कबूल केलेली नावं ती हीच. बेंद्रे आणि गोखले, दोन्ही वाचा, आणि शेजारी चिटणिसांची बखरही ठेवा.

या नव्या कागदांनी काय दाखवलं? दारूच्या आणि जनानखान्याच्या गोष्टींआड एक अख्खं युद्ध झाकलं गेलं होतं. गोव्याचंच उदाहरण घ्या. १६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला. संभाजी महाराज मदतीला धावले आणि त्याला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात मराठ्यांनी जुवे बेट घेतलं, आणि ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जेमतेम जीव वाचवून परतला. इतकी गाळण उडाली की त्याने जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडून आपला अधिकारदंड त्यांच्याजवळ ठेवला. आता तूच राख, म्हणून! पुढे जानेवारी १६८४ मध्ये मराठी फौज मागे फिरली. का? पोर्तुगीज श्रद्धेप्रमाणे संताने वाचवलं. मुघलांची हालचाल बघितली तर शाहजादा शाह आलम मोठी फौज घेऊन कोकणाकडे उतरत होता. म्हणजे एकच माघार, पण कुणाच्या दफ्तरातून वाचाल त्याप्रमाणे तिचा अर्थ बदलतो. दोन्ही दफ्तरं वाचली तरच त्या राजासमोरचा पेच कळतो. समोर समुद्रावरची एक सत्ता, पाठीमागे मुघल, बाजूला जंजिऱ्याचा सिद्दी. आणि तरीही, संभाजी महाराज जिवंत होते तोवर रायगड मुघलांच्या हाती पडला नाही.

इथं एक बारीक पण उपयोगाची गोष्ट. गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात एक तारीख, मुंबईच्या इंग्रज पत्रात दुसरी, आणि दोघांत बरोबर दहा दिवसांचा फरक, असं दिसलं तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. पोर्तुगालने नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका १५८२ मध्येच स्वीकारली होती. इंग्रज १७५२ पर्यंत जुनीच वापरत होते. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचं अंतर होतं. आपली तिथी आणखी तिसरीच. तारखांवरून होणारी निम्मी भांडणं अशी आहेत, की ज्यात दोन्ही बाजू बरोबर असतात.

आणि परकीयांचा कागद म्हणजे निःपक्षपाती, असंही धरून चालू नका. इंग्रज व्यापारी कानावर आलेल्या बाजारगप्पा इमानाने पत्रात उतरवत. शिवाजी महाराजांच्या मृत्यूच्या खोट्या बातम्या त्यांच्याकडे इतक्यांदा आल्या होत्या, की १६८० मध्ये खरी बातमी आली तेव्हा त्यांना विश्वास बसेना! शत्रूची साक्ष कधी वजनदार? तो आपल्या सोयीविरुद्ध बोलतो तेव्हा. व्हाइसरॉयची फजिती पोर्तुगीज कागदातच सापडते, म्हणून ती पक्की.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. इथवर ऐकून कुणालाही वाटेल, बरं झालं, राजा निर्दोष सुटला. पण मंडळी, जे प्रश्न आपण चिटणिसांना विचारले तेच प्रश्न आपल्या आवडत्या पुस्तकालाही विचारायला हवेत. मी एक साधी युक्ती सांगतो. कुठल्याही राजाचं चरित्र हातात घेतलं की पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. त्या राजाच्या आयुष्यातलं सगळ्यात गैरसोयीचं पान आधी उघडा. संभाजी महाराजांच्या बाबतीत ते पान म्हणजे डिसेंबर १६७८. युवराज असताना ते मुघल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. जवळजवळ वर्षभर तिकडे राहिले, भूपाळगडाच्या हल्ल्यात ते दिलेरखानाबरोबर होते, आणि १६७९ च्या शेवटी पन्हाळ्याला परत आले. हे शत्रूही सांगतो आणि घरचे कागदही सांगतात. इथं सुटका नाही.

आता लेखक काय करतो ते बघा. द्वेषाने लिहिणारा म्हणेल, स्वभावच तसा, बाईच्या नादाने गेला. भक्तीने लिहिणारा एक तर अर्ध्या ओळीत पुढे सरकेल, नाही तर म्हणेल, हा बापलेकांनी मिळून रचलेला गनिमी कावा होता. दोघांनाही एकच घाई : पान उलटायची. चांगला चरित्रकार तिथं थांबतो. तो विचारतो, घरात काय चाललं होतं? सोयराबाईंचा गट, मंत्र्यांशी बेबनाव, वारसाहक्काचा प्रश्न, एकवीस वर्षांचं वय. जाण्यामागे काय असावं, आणि परत येण्यामागे काय असावं? आणि बापाने परत आलेल्या मुलाला कसं घेतलं? ही उत्तरं देताना 'असावं' हा शब्द तो लाजत नाही वापरायला. ज्या चरित्रात चारशे पानांत एकदाही 'असावं' येत नाही, त्या चरित्राला जरा दुरूनच नमस्कार करा.

हेच कादंबऱ्यांबद्दल. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची. तिने लाखो वाचकांच्या मनातली प्रतिमा बदलली, हे तिचं श्रेय. पण ती कादंबरी आहे. तिच्यातले संवाद लेखकाने लिहिलेत. ते उद्धृत करून "महाराज असं म्हणाले होते" म्हणणं, हा कादंबरीवरही अन्याय आणि इतिहासावरही. एके काळी नाटकातले संवाद खरे मानून आपण या राजाला बदनाम केलं. आता कादंबरीतले संवाद खरे मानून त्याला मोठं करतोय. निष्कर्ष उलटा झाला, वाचण्याची सवय तीच राहिली. मला काळजी वाटते ती या सवयीची. कारण ज्याला तपासायची सवय नाही, त्याच्या हाती उद्या कुणीही तिसरी प्रतिमा देईल आणि तो तीही घेईल. आणि मग त्या प्रतिमेसाठी भांडेल.

आणखी एक प्रश्न विचारत जा. या पुस्तकात कोण नाही? येसूबाईंचं बघा. नवरा क्रूरपणे मारला गेलाय, मुलगा सात वर्षांचा, गडाखाली मुघलांचा वेढा. अशा वेळी दीर राजाराम यांनी गडाबाहेर पडून लढा चालू ठेवावा आणि आपण रायगड सांभाळावा, हा निर्णय घेण्यात त्यांचा वाटा मोठा. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला, त्या शाहूंसह कैदेत गेल्या, आणि परत आल्या १७१९ मध्ये. तीस वर्षं! बहुतेक चरित्रांत या तीस वर्षांना किती पानं मिळतात ते मोजा. चरित्र राजाचं असतं, मान्य. पण राजा गेल्यावर राज्य कुणाच्या हिमतीवर टिकलं, हे न सांगणारं चरित्र राजाचंही अर्धंच असतं.

तर मग, 'खरं पुस्तक कोणतं?' मी म्हणेन, प्रश्नच थोडा बदला. हे कुणी लिहिलं आणि घटनेनंतर किती वर्षांनी? लेखकाचा, त्याच्या धन्याचा यात काय संबंध? दहा पुस्तकं एकच गोष्ट सांगतात, पण त्यांचा मूळ साक्षीदार एक की अनेक? तारीख जुळते का? आणि गैरसोयीच्या पानावर लेखक थांबतो की पळतो? एवढं विचारायला इतिहासाची पदवी लागत नाही, मोडी वाचता यायला लागत नाही. हातात पेन्सिल असली की पुरे.

काही जण म्हणतात, इतकं तपासून वाचलं तर आदर कमी होतो. मला तसं वाटत नाही. दिलेरखानाकडे गेलेला तरुण आणि औरंगजेबापुढे मान न झुकवता हाल सोसणारा राजा, ही दोन माणसं नव्हेत. एकाच माणसाच्या आयुष्यातली सुमारे दहा वर्षं आहेत ती. पहिलं पान फाडून टाकलं, तर शेवटच्या पानापर्यंत पोचायला त्या माणसाला केवढं अंतर चालावं लागलं, ते आपल्याला कधी कळणारच नाही.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवलाय. अवघड प्रश्न आधी विचारा.